फुकटच्या वाइनची चव

बोट बंदरातून सुटली की पहिल्या रात्रीच्या जेवणाला एक प्रश्न हमखास येतो. पाहुणे खुर्चीत स्थिरावतात, मेन्यू उघडतात, शेजारच्या टेबलवर काय चाललंय ते बघून घेतात आणि मग आवाज जरासा खाली आणून मला विचारतात, "ती तिकिटातली वाइन आहे ना, ती बरी असते का?"

विचारणाऱ्याच्या मनगटावर कधीकधी आमच्या निफाडच्या बागेच्या किमतीचं घड्याळ असतं. पण प्रश्न विचारतानाचा सूर लग्नाच्या पंगतीत "बासुंदी चांगली आहे का, घेऊ का अजून?" असं विचारणाऱ्या माणसासारखाच असतो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीपुढे सगळे सारखेच संकोचतात, हे मला बोटीवर पहिल्यांदा कळलं.

माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं. "ऑफ कोर्स, सर. आमच्या हेड सॉमेलिएनं स्वतः निवडलेली आहे." हे खोटं होतं. आणि ते इतक्या वेळा बोललो होतो की, खोटं आहे हेही विसरलो होतो.

मी एका लक्झरी क्रूझवर वाइन स्ट्युअर्ड आहे. गावाकडे हे सांगितलं की, लोकांना वाटतं, मी दिवसभर डेकवर बसून दारू पितो. प्रत्यक्षात मी दिवसाचे दहा-अकरा तास, आठवड्याचे सातही दिवस दुसऱ्यांच्या ग्लासात ती ओततो. हॉटेल मॅनेजमेंट केलं, मुंबईत एसटीसीडब्ल्यूचे कोर्स केले, सीडीसी काढलं, एजंटांच्या ऑफिसात खेपा घातल्या आणि बोटीवर लागलो. कोकणातली, गोव्यातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जातात. आमच्या द्राक्षवाल्या गावातून गेलेला मी पहिलाच. आणि गेलो, तो नेमका वाइनच्याच खात्यात.

ज्यांना क्रूझ म्हणजे नेमकं काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन-चार हजार माणसं नेणाऱ्या ज्या अवाढव्य बोटी असतात, तिथे दारू फुकट नसते. ग्लासमागे पैसे द्यायचे, नाहीतर आधीच ड्रिंक पॅकेज घ्यायचं. लक्झरी बोटी त्या मानानं लहान, पाचशे ते नऊशे पाहुण्यांच्या. रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबॉर्न अशा कंपन्यांच्या तिकिटातच दारू धरलेली असते. वायकिंगच्या बोटींवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत वाइन आणि बिअर मिळते. माझी बोट यांपैकी कुठलीच नाही आणि तिचं नाव मी लिहिणार नाही. पण पद्धत सगळीकडे साधारण एकच असते. वाइनच्या याद्या दोन. एक तिकिटातली, जिला आम्ही 'पोअरिंग वाइन' म्हणतो. तिच्यात एखादी स्पार्कलिंग, दोन-तीन व्हाइट, दोन-तीन रेड, एक रोझे. दुसरी यादी चामड्याच्या जाड पुठ्ठ्यात बांधलेली, तिच्यात नावाजलेल्या वाइन आणि त्यांच्यापुढे डॉलरचे आकडे.

पहिली यादी हेड सॉमेलिए ठरवत नाही. ती किनाऱ्यावरच्या ऑफिसात ठरते. तिथे बघतात ते असं : ही वाइन वर्षभर, हव्या तितक्या पेट्या, बार्सिलोनालाही मिळेल आणि मायामीलाही मिळेल का? दर किती? लेबलवरचं नाव पाहुण्यांना ओळखीचं वाटेल का? आणि चव अशी आहे का, की कुणाला फार आवडली नाही तरी चालेल, पण कुणी परत पाठवणार नाही? शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. आमचा हेड सॉमेलिए पोर्तुगीज होता. तो म्हणायचा, "पोअरिंग वाइन ही लिफ्टमधल्या संगीतासारखी असते. ती लक्षात राहिली, तर काहीतरी चुकलंय."

तिच्या बाजूनंही बोललं पाहिजे. बोट ही वाइनला मानवणारी जागा नाही. खालच्या डेकवर इंजिनाची सतत थरथर असते. ऑगस्टमध्ये एखाद्या बंदरात पेट्या धक्क्यावर उन्हात तासभर पडून राहतात. बिस्केच्या उपसागरात समुद्र खवळला की, तळाशी गाळ बसलेल्या जुन्या, महागड्या रेड वाइन ढवळून निघतात आणि पुढचे काही दिवस त्या उघडण्यात अर्थ नसतो. याउलट तिकिटातली वाइन तरुण, नीट गाळलेली, स्थिर. तिला काही होत नाही. विमानात चव मंदावते, कारण केबिनमधली हवा कोरडी आणि दाब कमी. बोटीवर तसंही नसतं. म्हणजे बोटीवरची वाइन वाईट लागली, तर समुद्राला दोष देता येत नाही. दोष एक तर वाइनचा असतो, नाहीतर ती देणाऱ्याचा.

देणाऱ्याचा दोष बऱ्याचदा जास्त असतो. रेड वाइन सोळा ते अठरा अंशांना द्यावी, हे आम्हाला पाठ असतं. पण भूमध्य समुद्रातल्या जुलैच्या रात्री पँट्रीत काउंटरवर ठेवलेली बाटली बघता बघता पंचविसावर जाते आणि मग तिच्यात फक्त अल्कोहोलच जाणवतं. व्हाइट बर्फात बुडवून इतकी गार करतात की, तिला चवच राहत नाही. दुपारी उघडलेली अर्धी बाटली रात्री पुढे ढकलली जाते. 'फुकटची वाइन काही खास नव्हती' असं लोक म्हणतात, तेव्हा त्यातला मोठा वाटा या तीन गोष्टींचा असतो. वाइन तीच ठेवून हे सगळं सुधारता येतं.

*

माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टमधली गोष्ट. एका पाहुण्यानं रेडचा एक घोट घेतला, ग्लास लांब सरकवला आणि सगळ्या टेबलला ऐकू जाईल असं म्हणाला, "हे काय पाजताय? थिनर?" मी बाटली घेऊन पँट्रीत गेलो. हेड सॉमेलिएनं ग्लासातली वाइन हुंगली, एक घोट घेतला. वाइन व्यवस्थित होती. त्यानं तीच बाटली एका काचेच्या डिकँटरमध्ये ओतली, मोठ्या पोटाचे ग्लास काढले आणि मला म्हणाला, "आता ही घेऊन जा. काही बोलू नकोस. फक्त हळू ओत."

मी हळू ओतली. पाहुण्यानं ग्लास फिरवला, डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाला, "आता कसं! माणूस बोलल्याशिवाय चांगलं काही मिळत नाही."

आम्ही पँट्रीत पोट धरून हसलो. नंतर वाइनचा कोर्स करताना मला कळलं की, यावर संशोधनही झालेलं आहे. २००८मध्ये कॅल्टेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वीस जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीनं वाइन पाजली. प्रत्येक वेळी किंमत सांगितली. पाच डॉलरची एक वाइन त्यांनी एकदा पाच डॉलरची म्हणून दिली आणि एकदा पंचेचाळीस डॉलरची म्हणून. पंचेचाळीसवाली लोकांना जास्त आवडली. आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. मेंदूतला, सुखाची नोंद घेणारा भागही त्या वेळी जास्त उजळला होता. म्हणजे किंमत ऐकून चव खरोखरच बदलते. शून्य डॉलरची चिठ्ठी त्या प्रयोगात नव्हती. ती आमच्या डायनिंग रूममध्ये रोज रात्री असते.

त्या डिकँटरच्या रात्रीतून मी एक धडा घेतला : तक्रार करणाऱ्याला काही कळत नाही. तक्रार त्याच्या डोक्यात असते, ग्लासात नसते. हा धडा अर्धाच खरा होता आणि पुढची काही वर्षं मी तो पुरा धरून चाललो.

*

२०२४चा एप्रिल. लिस्बनहून निघालेली बोट बोर्दोमार्गे इंग्लंडला जाणार होती. त्या वर्षी आमची पोअरिंग रेडही बोर्दोचीच होती. लेबलवर 'बोर्दो' हा शब्द ठसठशीत, खाली एका शातोचं चित्र आणि कुणीही कधी न ऐकलेलं नाव. पाहुणे लेबल बघून खूश व्हायचे. पोअरिंग वाइनच्या बाटल्यांना हल्ली बहुधा फिरकीची झाकणं असतात. हिला मात्र खरं बूच होतं.

दुसऱ्या रात्री माझ्या स्टेशनवर एक आजी एकट्या बसल्या होत्या. इंग्लंडमधल्या निवृत्त शिक्षिका. पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला मुलांनी वर्गणी काढून ही सफर दिली होती, हे त्यांनी मला पहिल्याच रात्री सांगितलं होतं. मी रेड ओतली. दोन टेबलं फिरून परत आलो, तर ग्लास तसाच. त्या हळूच म्हणाल्या, "मला ओल्या वर्तमानपत्रासारखा वास येतोय. पण मला यातलं काही कळत नाही. माझंच काही चुकत असेल."

मी हसून म्हणालो, "नाही मॅडम, बोर्दो अशीच असते. थोडी मातकट."

त्या "अच्छा" म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

रात्री साडेदहाला स्टेशन आवरताना तीच बाटली हातात आली. सहज नाकाशी धरली. ओला पुठ्ठा. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा वास. वाइनच्या भाषेत याला 'कॉर्क्ड' म्हणतात. बुचात ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं एक रसायन कधीकधी तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं, तरी नाकाला कळतं. तब्येतीला त्याचा धोका नाही, पण वाइनमधलं फळ ते मारून टाकतं. कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे. आजींनी ते अचूक ओळखलं होतं, तेही अगदी पुस्तकातल्या शब्दांत. आणि मी त्यांना सांगितलं होतं की, तुमचंच चुकतंय.

तोवर त्या झोपायला गेल्या होत्या. पुढच्या रात्री सांगू, असं ठरवलं. पुढच्या रात्री त्यांनीच ग्लास उपडा करून ठेवला होता. "आज फक्त पाणी." मी पाणी ओतलं आणि काही बोललो नाही. त्याच्या पुढच्या रात्रीही नाही. कशाला बोलायचं, विषय संपला, फुकटचीच तर वाइन होती, असं मी स्वतःला समजावलं.

महागड्या यादीतली वाइन मागवली की, आम्ही काय करतो? बाटली टेबलवर आणतो. लेबल दाखवतो. समोर बूच काढतो. यजमानाच्या ग्लासात दोन घोट ओततो आणि थांबतो. तो हुंगतो, चाखतो, मान हलवतो, मगच बाकीच्यांना. सिनेमात बघून लोकांना वाटतं, हे मिरवणं आहे. त्याचा मूळ हेतू अगदी साधा : बाटली खराब तर नाही ना, हे बघायची संधी गिऱ्हाइकाला देणं. आवडली की नाही, हा तिथे प्रश्नच नसतो. तिकिटातल्या वाइनला हे काहीच नाही. ती पँट्रीत उघडली जाते, रुमालात गुंडाळून येते आणि थेट ग्लासात पडते. दोन घोटांनंतरचं ते थांबणं नसतं. तिथे 'नको' म्हणायची जागाच ठेवलेली नाही.

*

बोर्दोला जायचं म्हणजे समुद्रातून जिरोंदच्या खाडीत शिरून नदीनं वर जायचं. मोठ्या बोटींना ते जमत नाही. आमची थेट शहराच्या मध्यात लागते. आत शिरताना उजव्या हाताला मेदॉक असतं. पॉयाक, सां-ज्युलियँ, मार्गो ही चामड्याच्या यादीतली नावं तिथली आहेत. पाहुणे पहाटे कॉफी घेऊन डेकवर उभे राहतात. शहराजवळ आलं की, शाबाँ-देल्मास पुलाचा मधला भाग अख्खाच्या अख्खा वर उचलला जातो आणि बोट खालून जाते.

त्या दिवशी मला सेंत-एमिलियोंच्या सहलीला एस्कॉर्ट म्हणून पाठवलं. म्हणजे बसमध्ये मागे बसायचं, माणसं मोजायची, कुणी मागे राहत नाही ना ते बघायचं. आम्हाला ही चैन क्वचित मिळते. आजी पुढच्या सीटवर होत्या.

रस्त्याला दोन्हीकडे द्राक्षाच्या बागा. नुकती पालवी फुटलेली. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला ते बघून भरून येतं. आमच्याकडे मांडव उंच, इथे वेली कमरेएवढ्या, पण ओळी तशाच. आणि मग मध्येच एक रिकामं वावर आलं. नांगरलेलं नव्हतं, उपटलेलं होतं. कडेला काळ्या वाकड्या खोडांचा ढीग. पुढे आणखी एक वावर. तिथे ढीग जाळलेला, राख शिल्लक.

गाइडनं माइकवर सांगितलं. फ्रान्समध्ये लोक रेड वाइन पूर्वीसारखी पीत नाहीत. चीनची मागणी घटली. मोठ्या शातोंचं बरं चाललंय, पण साधी बोर्दो पिकवणाऱ्यांना खर्चही निघेना. २०२३मध्ये सरकारनं एक योजना आणली : वेली उपटा आणि हेक्टरी सहा हजार युरो घ्या. त्याच वर्षी शिल्लक वाइन विकत घेऊन तिच्यापासून अल्कोहोल गाळायला सुमारे वीस कोटी युरो मंजूर झाले. ते अल्कोहोल सॅनिटायझर आणि अत्तरात जाणार होतं.

मागच्या सीटवरून एकानं विचारलं, "म्हणजे आमच्या बोटीवर ती फुकटची बोर्दो देतात, ती यामुळेच का?" बस हसली. गाइडही हसला. पण प्रश्न बरोबर होता. माल पडून असतो, म्हणून दर पडतो. दर पडतो, म्हणून आमच्या किनाऱ्यावरच्या ऑफिसाला 'बोर्दो' असं ठसठशीत लिहिलेली बाटली परवडते.

मी हसलो नाही, कारण तसला ढीग मी आधी पाहिला होता.

राज्य सरकारनं २००१मध्ये वाइनसाठी धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या भागात वायनऱ्या उभ्या राहिल्या. करार करून शेतकऱ्यांना वाइनची द्राक्षं लावायला सांगू लागल्या. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थॉमसनच्या बागेशेजारी दोन एकर शिराझ लावली. मणी बारीक, साल जाड, आत बिया. आम्ही पोरं तोंडात टाकून थुंकायचो. नानांना मात्र ती बाग आवडायची. डिपिंगचं लचांड नाही, मण्याच्या साइजचं टेन्शन नाही, रिफ्रॅक्टोमीटरवर साखर भरली की तोडणी. मग २००८ची मंदी आली, मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. २००९च्या हंगामात वायनरीनं कराराच्या निम्मा दर सांगितला. नाना काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "निदान उचलला तरी." पुढच्या हंगामात उचललाच नाही. ही द्राक्षं बाजार समितीत कोण घेणार? घड वेलीवर सुकले, पाखरांनी खाल्ले. उन्हाळ्यात नानांनी बाग तोडली. बांधावर खोडांचा ढीग लागला आणि वर्षभर आमच्या बंबात शिराझ जळत होती.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. नाना त्या निम्म्या दराला काही का बोलले नाहीत, हे मला कधी कळलं नव्हतं. बसमध्ये पुढच्या सीटवर आजींचं पांढरं डोकं दिसत होतं आणि मला ते थोडं थोडं कळत होतं. जे मिळतंय ते उपकार म्हणून मिळतंय, असं एकदा वाटलं की माणूस हिशेब मागत नाही. पैसे घेणारा मागत नाही आणि फुकटची घेणाराही मागत नाही.

सेंत-एमिलियोंजवळच्या एका लहान शातोत वाइन चाखायला दिली. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर बाटली उघडली, आधी स्वतःच्या ग्लासात घोटभर ओतली, हुंगली, मान हलवली, मग सगळ्यांना दिली. ही चव फुकटच होती. आजींनी घोट घेतला. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही मातकट नाही."

मी म्हणालो, "नाही. आणि परवाचीही मातकट नव्हती. ती खराब होती. तुम्ही बरोबर होता. मी नंतर हुंगली, तेव्हा मला कळलं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ग्लास टेबलवर ठेवला आणि म्हणाल्या, "मला वाटलं, तिकिटातली आहे म्हणून तशी असेल. मुलांनी एवढे पैसे घातलेत, मी कुठे कुरकुर करत बसू?"

त्या रात्री मी पोअरिंग रेडची नवी बाटली त्यांच्या टेबलवर नेली. लेबल दाखवलं, समोर बूच काढलं, हुंगलं, दोन घोट ओतले आणि थांबलो. शेजारचं टेबल बघत होतं. आजींनी शाळेतली वही तपासावी तशी ती वाइन तपासली. म्हणाल्या, "ठीक आहे. फार काही नाही, पण ठीक आहे. घाला."

तिकिटातल्या वाइनबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यांत खरं मत आहे.

*

निघायच्या आधी बोर्दोतल्या सुपरमार्केटमध्ये गेलो होतो. तसलीच साधी बोर्दो, शातोचं चित्र, तीन युरो नव्वद सेंट. एक बाटली घेतली. बोटीवर चढताना सिक्युरिटी ती ताब्यात घेते आणि घरी निघताना परत देते. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं, बाटली निफाडला आली.

आईनं आधी देवघराचं दार लोटून घेतलं, मग स्टीलचे पेले काढून दिले. नानांनी बाटली उलटसुलट करून बघितली.

"कितीला पडली?"

"साडेतीनशेला."

"एका बाटलीला द्राक्षं किती जातात रे?"

"सव्वा किलो धरा."

नाना मनात हिशेब करू लागले. काच, बूच, लेबल, खोकं, गाडीभाडं, दुकानदाराचा नफा. "टॅक्स?" मी म्हटलं, वीस टक्के. नानांनी मान हलवली. "मग त्याला काय राहिलं?" मी उपटलेल्या बागांचं सांगितलं. हेक्टरी सहा हजार युरो, म्हणजे एकरी दोन लाखांच्या वर. नानांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तोडायचे पैसे देतात?" बराच वेळ ते त्याच वाक्यापाशी होते.

मग त्यांनी पेला उचलला. मी सवयीनं सांगायला लागलो, हिचं नाक कसं आहे, टॅनिन कसं आहे. त्यांनी हातानं थांबवलं. घोट घेतला, तोंडात फिरवला, बागेतला मणी चाखताना करतात तसा चेहरा केला.

"यानं वेलीवर माल जास्त धरलाय," नाना म्हणाले. "घड कमी ठेवायला पायजे होते. पाणी पण जास्त झालंय. माल भरलाय, गोडी भरली नाही."

मी कोर्समध्ये हेच इंग्रजीत शिकलो होतो. जास्त उत्पादन घेतलेल्या वेलींची वाइन पातळ लागते, चव जिभेवर टिकत नाही. त्यासाठी मी फी भरली होती, परीक्षा दिली होती. नानांना ना लेबल वाचता येत होतं, ना तो भाग माहीत होता. त्यांना एवढंच माहीत होतं की, दर पडला की शेतकरी काय करतो. जास्त माल धरतो. किलोला कमी मिळतात, म्हणून किलो वाढवतो. ते त्यांनी स्वतः केलेलं होतं.

मी विचारलं, "बाकीची ओतून देऊ?"

"कशाला?" नाना म्हणाले. "वाईट नाही. हलकी आहे." आणि त्यांनी पेला संपवला.

*

पुढच्या कॉन्ट्रॅक्टपासून मी एक सवय लावून घेतली आहे. तिकिटातली प्रत्येक बाटली उघडली की आधी हुंगतो. बाटलीमागे चार-पाच सेकंद जातात. रात्री ऐंशी-नव्वद बाटल्या असतात, त्यामुळे सुपरवायझर कधीकधी घड्याळ दाखवतो. खराब बाटली रोज निघत नाही. निघाली की बाजूला ठेवतो आणि रजिस्टरमध्ये लिहितो.

आणि पहिल्या रात्री तो प्रश्न येतो, तेव्हा मी हेड सॉमेलिएचं नाव सांगत नाही. घोटभर ओततो, बाटली हातात धरून थांबतो आणि म्हणतो, "तुम्हीच सांगा. नाही आवडली, तर दुसरी उघडतो." काही जणांना हे आवडतं. काही जण गोंधळतात, ग्लासाकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मग वास घेतात.